टेकचे एकवीस उपयोग

२०२३ सालच्या फेब्रुवारीत मी वेवजीच्या नऊ बायकांना आठ दिवसांत इंग्रजी शिकवलं. हसू नका! अख्ख्या तलासरी तालुक्यात हे काम माझ्याखेरीज कोणाला जमलं नसतं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आणि जमलं की! जमलं, म्हणूनच पुढचं सगळं झालं.

१९७४ साली मी झरीच्या शाळेत रुजू झाले तेव्हा फळा एक आणि इयत्ता चार होत्या. तरी माझी पोरं एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायची. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं आणि सोबत हातांनी करून दाखवायचं, एवढीच युक्ती. हल्लीच्या मास्तरांना हे सांगायला जावं, तर त्यांची मान मोबाइलमधून वर येत नाही.

आमचा नविनच बघा. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणून फार बोलत नाही. बारावीला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा इंग्रजीतच आपटला. त्याने तलासरी नाक्यावर क्लास काढला तो इंग्रजीचा! म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याने चिंचणीच्या कोळ्यांना होडी चालवायला शिकवावी तसं. बाहेर बोर्ड होता, ‘एका क्रियापदात संपूर्ण इंग्रजी!’

“मावशी, एक ‘टेक’ आलं की सगळं आलं,” तो मला म्हणाला.

“ते कसं?”

“टेक म्हणजे घेणे. पण टेक अ सीट म्हणजे बसणे, टेक अ फोटो म्हणजे फोटो काढणे, टेक अ बाथ म्हणजे आंघोळ करणे. असे एकवीस उपयोग! तक्ता मी स्वतः बनवलाय.”

“अरे, आपल्यात माणूस झोप घेतो, शंका घेतो, माघार घेतो, देवाचं नाव घेतो. म्हणून आम्ही कधी तक्ते छापले?”

“तुमचं जुनं झालं, मावशी!”

जुनं! ते मला झोंबलं.

आता संगिताचं सांगते. ही माझी झरीची विद्यार्थिनी. लग्न होऊन वेवजीला आली आणि चार वर्षं पहाटे पाचच्या जीपने उंबरगावच्या कंपनीत जात होती. निघायची तेव्हा मुलगी झोपलेली, परतायची तेव्हाही झोपलेली. तिने नऊ बायकांचा गट केला, चिकूच्या चकत्या वाळवायला घेतल्या. आता मुंबईच्या एका हॉटेलवाल्यांच्या दक्षा मॅडम माल बघायला येणार होत्या. त्यांनी कायमचा माल धरला तर संगिताची जीप सुटणार होती. म्हणजे सुटली तरी चालणार होती!

पण मॅडमचा निरोप आला इंग्रजीत. नविनने तो वाचला आणि तोंड एवढंसं केलं.

“मॅडम परदेशात शिकल्यात. मराठीत बोललात, तर ऑर्डर गेली!”

संगिताचा चेहरा तिच्याच वाळलेल्या चकतीसारखा झाला.

“बाई, आता काय करू?”

“काही करू नकोस,” मी म्हटलं. “नविन, तो तक्ता इकडे आण!”

मी तक्त्याचं गाणं केलं. एकेक उपयोग, एकेक कृती. टेक अ सीट म्हटलं की खुर्ची पुढे. टेक वॉटर म्हटलं की पाणी. टेक टी म्हटलं की गवती चहा. टेक मेडिसिनसाठी ओव्याचा काढा. बारावा उपयोग आंघोळीचा होता, म्हणून नवशीच्या हातात बादली दिली. शिकवायचं तर पूर्ण शिकवायचं!

आघाडीला बसवली लाडकीला. लाडकी धवलेरी. वारल्यांची लग्नं हीच गाणी म्हणून लावते. दोन दिवस गायली तरी ओळ चुकत नाही. माझे एकवीस उपयोग तिने दुपारच्या चहाआधी पाठ केले. नविनला अजून आठच येत होते.

“बाई, एक ध्यानात ठेवा,” ती म्हणाली. “मला मधेच तोडायचं नाही. कोणी तोडलं की मी पहिल्यापासून धरते.”

“कोण तोडतंय तुला!” मी म्हटलं.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, डोळ्यांवर काळा चष्मा. नविन कोट घालून पुढे झाला. फेब्रुवारीत डहाणू-तलासरीकडे कोट घालणारा माणूस उकडलेल्या कंदासारखा दिसतो. मॅडमनी त्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं. त्याने घाम पुसला.

“टेक टाइम, मॅडम,” तो म्हणाला आणि गटाच्या शेडमागे गेला. फोन आला होता म्हणे. फोन कसला? मोबाइल माझ्यासमोर खुर्चीवर पडला होता!

मी लाडकीला खूण केली.

“टेक अ सीट!” लाडकीने सूर धरला. “टेक अ सीट!” आठ जणी मागून. खुर्ची आली, मॅडम बसल्या. टेक वॉटर झालं, टेक टी झालं. मॅडम खूश! मी संगिताकडे बघून मान डोलवली. पाचवा उपयोग होता टेक मेडिसिन. काढ्याचा वास येताच मॅडमनी हात आडवा केला.

“नो, नो, थँक यू!”

लाडकी थांबली. तिने शांतपणे पदर सावरला.

“टेक अ सीट!”

दोघींनी मॅडमना हाताला धरून उठवलं आणि पुन्हा बसवलं. पुन्हा पाणी. पुन्हा चहा. मॅडम म्हणाल्या, “प्लीज, इनफ!” झालं! टेक अ सीट! तिसरा चहा. मॅडम उठू लागल्या. टेक अ सीट! चौथा चहा!

“लाडके, पुढे जा!” मी कुजबुजले.

“तुम्हीपण तोडलंत बाई,” असं म्हणून ती पुन्हा पहिल्यावर आली.

पाचव्या चहाला मॅडमनी नशिबापुढे हात टेकले. काढा प्यायल्या. चपला काढल्या. फोटो काढून घेतला. शेडभोवती फेरी मारली. कोणी तोडत नव्हतं, गाणं उतारावरच्या बैलगाडीसारखं सुटलं होतं. संगिता कोपऱ्यात उभी होती, माल दाखवायची परडी छातीशी धरून. परडीकडे अजून कोणी बघितलंच नव्हतं!

आणि बारावा उपयोग आला.

“टेक अ बाथ!”

नवशी वाफाळती बादली घेऊन पुढे आली. खांद्यावर टॉवेल, हातात साबण.

मॅडम खुर्चीवर चढल्या.

“अरे मारी मा! हुं तो न्हाईने नीकळी छुं!”

म्हणजे, मी तर आंघोळ करूनच निघालेय! गुजराती! आम्हाला हद्दीपलीकडची ही भाषा दूध-भाजीच्या व्यवहारापासून माहीत. यातल्या प्रत्येकीने उंबरगावच्या बाजारात याच भाषेत भांडून भाजी विकलेली!

“बेन, पेल्लां केम नी कीधुं?” संगिता ओरडली. आधी का नाही सांगितलंत?

“तमे बधां इंग्लिशमां बोलतां’तां, एटले हुं पण बोली!” मॅडम म्हणाल्या. तुम्ही इंग्रजीत बोलत होता, म्हणून मीही बोलले! त्यांचं माहेर संजाणचं निघालं, रेल्वेने दोनचार स्टेशनं पलीकडे.

पुढच्या दहा मिनिटांत संगिताने परडी उघडली. कोणत्या बागेचा चिकू, किती दिवस ऊन, पावसाळ्यात माल कुठे ठेवणार, सगळं तिने घडाघडा सांगितलं. मॅडम चकत्या चावत होत्या, मान हलवत होत्या. मला कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही.

मॅडम निघाल्या, तर लाडकी वाटेत उभी.

“नऊ राहिलेत,” ती म्हणाली. “अर्धं गाणं टाकून उठलं की ज्याच्यासाठी गायलं त्याचं काम अर्धं राहतं.”

संगिताने ते गुजरातीत सांगितलं. मला वाटलं, आता ऑर्डर गेली! मॅडमनी लाडकीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि चपला काढून पुन्हा बसल्या. आंघोळ आणि पहिल्यापासून धरणं, एवढं माफ झालं. एकविसावा उपयोग होता टेक लीव्ह, म्हणजे निरोप घेणे. तो म्हटला तेव्हाच त्यांना जाऊ दिलं.

ऑर्डर मिळाली. मात्र जाताना मॅडमनी संगिताला बाजूला घेऊन काहीतरी अट सांगितली. ती मला तेव्हा कळली नाही.

आता गटात एकवीस बायका आहेत. पाचची जीप अजून जाते, संगिताशिवाय जाते. तिची मुलगी आईच्या हातची वेणी घालून शाळेत जाते. नविनने क्लास बंद केला, त्याच जागेत मोबाइलची कव्हरं विकतो. बोर्ड काढायचा त्याने कंटाळा केलाय. नवशीला आता सगळ्या गुजराती गिऱ्हाइकांशी बोलायला बसवतात. लाडकी लग्नं लावते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, तुमचं गाणं बरं होतं. पण त्यात नवरा-नवरी कुठेच नव्हते.”

आणि मी? दक्षाबेन वर्षातून दोनदा माल बघायला येतात. त्या दिवशी सकाळीच संगिता रिक्षा पाठवते आणि मला डोळे तपासायला डहाणूला धाडते. “बाई, या वयात जपलेलं बरं,” म्हणते. आतापर्यंत पाच वेळा तपासून झाले. नंबर आहे तोच आहे.