बापूंची दोन थरांची दुलई

आमच्या खालच्या आळीतले बापू जेवायला बसले की आधी पानातला भात कोरडा संपवायचे आणि मग वाटीतली कुळथाची पिठी पिऊन टाकायचे. भातावर पिठी ओतलेली त्यांना खपत नसे. "एकदा मिसळलं की मिसळलं. मग कशाला काय म्हणणार तू?" असा त्यांचा सवाल. पायरीची अढी ओटीवर, हापूसची माळ्यावर. एखादा आंबा चुकून इकडचा तिकडे गेला तर दिवसभर घर धुंडाळायचे.

पण आळीने खरी थट्टा केली ती त्यांच्या दुलईची. रत्नागिरीत थंडी ती केवढी असणार? पौषात चार दिवस पहाटे जरा गार वाटतं, तेवढ्यापुरतं आम्ही धोतर दुहेरी करून भागवतो. बापू मात्र कापसाचे दोन थर भरलेली दुलई बारा महिने पांघरत. वैशाखात घामाने निथळत उठत, पण पांघरूण बदलायचं नाव नाही.

हे खूळ त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासूनचं. काकू होत्या तोवर दोघांचं एकाही गोष्टीवर जमलं नाही. त्यांची भांडणं आमच्या माजघरात स्पष्ट ऐकू येत आणि आम्ही जेवता जेवता काकूंची बाजू घेत असू. काकू गेल्या तेव्हा म्हातारा सुटला, असंच सगळे म्हणाले. मीही म्हणालो होतो.

दिवाळी झाली की कासम पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून आळीत येई. बापू दुलई उसवून कापसाचे दोन ढीग अंगणाच्या दोन टोकांना मांडत. एक पिंजून झाला की जागा झाडायची, मग दुसरा. कासम कुरकुरे, "बापूनू, कापूस तो कापूस. एकदम पिंजतो, मग थर दोन काय, चार घाला." बापू पाट घेऊन ढिगापाशी ठाण मांडत. "तू तुझी धनुकली वाजव. मिसळायचं नाही, सांगून ठेवतो."

एका वर्षी ऐन वेळी बापूंना हिवतापाने गाठलं. मला बोलावून म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच उभा राहा. दोन ढीग, दोन वेळा. विसरू नको हो."

मी हो म्हटलं. पण मला कचेरी गाठायची होती, आणि शिकलेला असल्यामुळे अक्कल पाजळायचीही होती. कासमला म्हटलं, "घाल सगळा एकत्र. नंतर सारखे दोन भाग करून दोन थर भर, म्हणजे झालं." कासमने एकदा बापूंच्या खिडकीकडे पाहिलं आणि दोन्ही ढीग एकत्र लोटले.

चार दिवसांनी दुलई शिवून तयार झाली, ती मीच नेऊन दिली. बापूंचा ताप उतरला होता. त्यांनी कड चिमटीत धरून जाडी पाहिली आणि खूश झाले. मला काही गप्प बसवेना. "बापू, सगळा एकत्रच पिंजला हो. पडला काही फरक?"

ते रागावतील म्हणून मी हसत वाट पाहत होतो. ते रागावले नाहीत.

"आता वेगळा व्हायचा नाही ना तो?"

"नाही," मी म्हटलं.

"ती गेली तेव्हा लोक म्हणाले, गेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवू नये, देऊन टाक. मला देववेना. तिची दुलई उसवली, माझीही उसवली. वरचा थर माझा, अंगालगतचा तिचा. होती तेव्हा कधी धड बोललो नाही तिच्याशी."

निदान 'चुकलं' म्हणायला हवं होतं. ते आजतागायत मला खातं आहे. बापूंनी दुलई मांडीवर पसरली, एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली आणि माझ्याकडे पाहून विचारलं,

"मग आता अंगाकडे कोणती बाजू घेऊ रे?"