वजदी कागदावरून वाजवतो

नजलाचे वडील हाजी बयूमी यांनी एकच अट घातली होती. जावई व्हायचं असेल, तर बैठकीत ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवून दाखव.

वजदी नकाशे काढणारा माणूस. कागदावर आहे तेवढंच जगात आहे, असं मानणारा. ऊदही तो नुकताच स्वरलेखन वाचून शिकला होता. पाच रेघा, त्यांवरचे ठिपके, मधल्या विरामाच्या खुणा. विराम आला की तो ओठांतल्या ओठांत मात्रा मोजायचा.

पहिली ओळ संपली. बयूमींनी डोळे मिटले. "अल्लाह! पुन्हा, बाळा!"

"काका, पुन्हा नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"ओळीच्या शेवटी दोन टिंबं असली, तरच परत वाजवायचं. इथे नाहीत."

इजिप्तमधल्या टांटा शहरातल्या त्या दिवाणखान्यात असं कुणी कधी बोललं नव्हतं. बयूमींचा चेहरा पडला. "अरे, मला आवडलं! ते तुझ्या कागदाला कसं कळणार?"

लग्न मोडतंय हे नजलाने ओळखलं. तिने भुवयांची पेन्सिल काढली आणि त्याच्या कागदावर ओळीच्या शेवटी दोन टिंबं दिली.

"आता आहे," वजदी म्हणाला.

:॥

पहिली ओळ संपली. बयूमींनी डोळे मिटले. "अल्लाह! पुन्हा!"

"टिंबांचा अर्थ एकदाच परत, काका."

नजलाने शेजारी आणखी दोन दिली.

:॥ :॥

"माझ्या आवडत्या दुसऱ्या ओळीनं काय पाप केलंय?" म्हणत नजलाच्या खलफमामांनी पेन्सिल ओढली. शेजारच्या चाचांनी तिसरी ओळ सजवली. मग मामांनी उत्साहाच्या भरात अगदी शेवटच्या ओळीलाही टिंबं दिली, आणि तिथे घात झाला. शेवटून वजदी थेट सुरुवातीला आला. आणि सुरुवातीला आलो म्हणजे सगळी टिंबं नव्याने लागू, असा त्याचा हिशोब.

:॥ :॥ :॥ :॥

स्वयंपाकघरातून नजलाची आई इनायात बाहेर आली. "अहो, भरलेली कबुतरं गार झाली! त्याला एकदाचं हो म्हणा, म्हणजे उठेल तरी!"

बयूमींनी डोळे पुसले. "हो तर मी मघाशीच म्हटलं. ऐकू कुणाला जातंय?"

"मग फातिहा वाचून लग्न पक्कं करा ना!"

साऱ्यांनी तळवे वर केले. वजदी घामाघूम होऊन वाजवतच होता. "काका, एक मिनिट... अजून शेवट आला नाही."

नजलाने त्याच्यासमोरचा कागद हळूच उलटा केला.

मागची बाजू कोरी होती. वजदीने ऊद खाली ठेवला आणि समाधानाने तळवे पसरले.