बर्वे सरांची बारा वाक्यं

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. मी मेथी निवडत बसले होते आणि शेजारचे बर्वे सर दारात उभे राहून विचारत होते, "नीलाताई, कुणाला रडताना पाहून तुम्हाला कंटाळा येतो का?"

"मेथी निवडताना येतो," मी म्हटलं.

इकडे हिंदी मुलखात, थाटीपुरातल्या आमच्या घरांच्या ओळीत या प्रश्नाचं आता कुणालाच नवल वाटत नाही. सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांत टोमॅटो लावतात, सरांनी प्रश्नावली करायला घेतली. माणूस सायकोपॅथ आहे का, म्हणजे गोड बोलून फसवणारा, दुसऱ्याच्या दुःखाने जराही न हलणारा आहे का, ते पाच मिनिटांत कळायला हवं. आधी साठ वाक्यं होती. "साठ वाक्यं प्रामाणिक माणूससुद्धा खोटी भरतो. मतलब, कंटाळून," असं म्हणत सर वर्षभर वाक्यं कापत बसले. बारा उरली.

पहिली चाचणी आमच्या भिशीवर झाली. सरांचा मान राखायचा म्हणून सगळ्यांनी सगळीकडे 'हो'वर खूण केली. निकाल लागला: अख्खी भिशी निर्दयी. मुंग्यांना साखर घालणाऱ्या पाटणकरकाकूसुद्धा धोकादायक.

"अहो, सरांना 'नाही' कसं म्हणायचं? अच्छा नहीं लगता," काकू म्हणाल्या.

सर उलट खूश झाले. निम्मी वाक्यं फिरवून आणली. त्यांत 'हो' म्हटलं की माणूस भला ठरायचा. "आता ठेवा मान," म्हणाले.

त्या रविवारी मात्र त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "ही दुसऱ्याने भरायची प्रत. जवळून ओळखणारा माणूस लागतो."

"कुणाला ओळखणारा?"

"मला."

मी मेथी बाजूला सारली.

सरांच्या पत्नी शालूवहिनी गेल्या त्या दिवशी सर रडले नव्हते. आल्यागेल्याला खुर्ची देत, चहा विचारत फिरत होते. त्यांची मुलगी मंजू म्हणाली, "बाबा, तुम्ही दगड आहात," आणि इंदूरला निघून गेली. यंदा दिवाळीलाही तिचा फोन आला नाही.

"तिचं बरोबर असेल, तर मला कळायला हवं," सर म्हणाले. "भावना नको. खूण करा."

पहिलं वाक्य होतं, 'हा माणूस फक्त स्वतःचा विचार करतो.' मी 'नाही'वर खूण केली.

"पुरावा?"

"चिमटा."

कुत्रं दिसलं की सर रस्ता बदलतात. वहिनी गल्लीतल्या लंगड्या कुत्रीला रोज सकाळी पोळी घालायच्या. त्या गेल्यापासून सर घालतात. फाटक लावून, आत उभे राहून, लांब चिमट्यात पोळी धरून, तोंड दुसरीकडे फिरवून. वर तिला "अहो, घ्या," म्हणतात.

बाकीच्या खुणा मी भराभर केल्या. सरांनी कागद दोनदा वाचला. "एका साक्षीवर मापन उभं राहत नाही, नीलाताई. जवळचं दुसरं माणूस हवं. ते कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून चिमट्याचा व्हिडिओ काढला आणि मंजूला पाठवला. खाली लिहिलं, 'बारा वाक्यं आहेत, पाच मिनिटं लागतात. बाबांना दुसरा साक्षीदार हवाय.' मग कुकर लावला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे फोन वाजला. "हॅलो... मंजू?" एवढं ऐकू आलं, मग खुर्ची ओढून बसल्याचा आवाज. शिटी व्हायच्या बेतात होती. मी गॅस बंद केला.