पाण्याचे वकील आटोळे

रंगनाथराव आटोळे वकिलांकडं कुणी विहिरीचं भांडण घेऊन आलं, की कागद उघडायच्या आधी ते एकच प्रश्न विचारायचे, "विहिरीत मासे हाएत का?"

नवीन पक्षकार गोंधळून जायचा. त्याचं भांडण असायचं चुलतभावाशी, सामाईक विहिरीवर कुणाची मोटार किती वेळ चालवायची यावरून. त्यात माशांचा काय संबंध? तो चाचरत म्हणायचा, "असतील की, साहेब."

"असतील न्हाई. हाएत का न्हाईत, बराबर सांगा."

हाएत म्हटलं, की रविवारची स्थळपाहणी ठरली. नाहीत म्हटलं, की आटोळे कारकुनाला सांगायचे, "यांचं कागदावरच बघू."

जालना जिल्हा झाला त्या साली मी वकिली सुरू केली. बाररूममध्ये मला जागा मिळाली ती आटोळ्यांच्या शेजारची, आणि नवीन जालन्यात घरही त्यांच्याच गल्लीत. जिल्हा झाल्याचे पेढे सगळे आनंदानं खात होते, कारण औरंगाबादच्या चकरा आता कमी होणार होत्या. आटोळे तेवढे तोंड पाडून बसले होते. औरंगाबादच्या वाटेवर एका तलावाजवळ आली, की त्यांची स्कूटर हमखास गरम व्हायची. आता ती कशाला गरम होतेय?

विहिरी, पाट, बंधारे, गोदावरीवरच्या मोटारी. घनसावंगीपासून टेंभुर्णीपर्यंत पाण्याचं भांडण पेटलं, की लोक आटोळ्यांचं दार वाजवायचे. दुसरं काम ते घेतच नसत. कुणी मारामारीची केस आणली, तर माझ्याकडं पाठवून द्यायचे. म्हणायचे, "देशपांडे, तुम्ही घ्या. कोरडं काम हाए."

स्थळपाहणीला निघाले, की जीपमध्ये त्यांच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात बांबूची काठी. बॅगेत मोजमापाचा टेप, कोरे कागद आणि फडक्यात गुंडाळलेला, हिंग घातलेला कणकेचा गोळा. विहीर मोजून झाली, की गळ पाण्यात पडायचा. दोन्हीकडची माणसं उन्हात ताटकळायची. कुणी चुळबुळ केलीच, तर आटोळे मान न वळवता विचारायचे, "जल्दी कुणाला हाए?" हाच प्रश्न ते कोर्टात तारीख मागताना विचारायचे, लग्नात मुहूर्त टळत असताना विचारायचे, आणि एकदा सुटत्या बसच्या कंडक्टरलाही विचारला होता. बस निघून गेली.

गंमत म्हणजे, ते स्वतः मासा खात नसत. गळाला लागेल तो जीपवाल्याला देऊन टाकायचे.

त्यांची एक केस जालन्यातले जुने वकील अजून सांगतात. दोन शेजाऱ्यांची सामाईक विहीर. आटोळ्यांच्या पक्षकाराला पाण्याची पाळी मिळत नव्हती. समोरच्याचं म्हणणं, विहीर आटलीये, पाणीच न्हाई तर पाळी कशाची द्यायची? तसं त्यानं शपथेवर लिहून दिलं होतं. त्याच्या वकिलांनी तास-दीड तास दुष्काळाचं असं वर्णन केलं, की कोर्टातला पट्टेवालाही उठून दोन पेले पाणी प्याला.

मग आटोळे उभे राहिले. "साहेब, ह्याच रविवारी त्या विहिरीत मी सोता मरळ धरली."

"हरकत!" समोरचे वकील ओरडले. "वकिलाला साक्ष देता येत नाही!"

न्यायाधीश गंभीरपणे म्हणाले, "हरकत मान्य." मग जरा पुढं झुकून त्यांनी विचारलं, "केवढी होती?"

आटोळ्यांनी दोन्ही हात पसरले. इतके पसरले, की एक हात माझ्या नाकापर्यंत आला. तेवढ्यात मागून समोरच्या बाजूचा शेतकरीच तडतडत उठला, "खोटं हाए, साहेब! बिलकुल खोटं! रोज पाहतो की मी! आमच्या विहिरीतली मरळ वीतभरबी न्हाई!"

 त्याच्या वकिलांनी डोक्याला हात लावला. आटोळे हात खाली घेत म्हणाले, "वीतभर तर वीतभर, साहेब. पण पोहते ना?"

स्वतःच्या घरात मात्र आटोळ्यांची एकही हरकत मान्य होत नसे. कौसल्यावहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ. नवरा पाण्यावरून आला, की अंगणातल्या नळावर आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायला बंदी. आणि तो साबण लावत असताना वहिनींचं बोलणं चालू. गल्लीत कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं दूध नासलं, कुणाच्या पोराचं लग्न फिसकटलं, सगळं एका दमात. मला पाहिलं, की विषय हिंगावर यायचा. "भाऊजी, माझ्या वरणाला हिंग न्हाई आन ह्यांच्या माशाला हाए! तुम्हीच न्याय करा!"

आटोळे टॉवेल गुंडाळून मुकाट उभे. सगळी गल्ली म्हणायची, बायकोच्या तोंडाला कंटाळूनच हा माणूस पाण्यावर जाऊन बसतो. आटोळ्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मलाही ते खरंच वाटायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एका सकाळी वहिनींना लकवा मारला. दवाखान्यातून घरी आल्या, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मूलबाळ नव्हतं. स्वयंपाकाला एक बाई लावली, बाकी सगळं आटोळ्यांनी अंगावर घेतलं. कोर्टात ते जेमतेम दुपारपर्यंत थांबायचे. पाण्यावर जाणं तर बंदच झालं.

एका रविवारी मीच म्हटलं, "वहिनींजवळ आमची मंडळी बसतील. चला, गोदावरीवर जाऊन येऊ."

ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "काय करू जाऊन? तिथंबी गप बसायचं, घरी येऊनबी गप बसायचं." मग पुढं म्हणाले, "लोकाला वाटायचं, मी तिच्या बोलण्याला कंटाळून जातो. अवो देशपांडे, दिवसभर पाण्यावर गप बसलो, की माघारी येताना लई बरं वाटायचं. पार गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज ऐकू यायचा."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वहिनींशी सारखं बोलत राहा. आटोळ्यांना पाण्याशिवाय दुसरं काय बोलता येणार? पहिल्या दिवशी त्यांनी वहिनींना पाटबंधाऱ्यांचा कायदा समजावून सांगितला. वहिनींनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

मग हा अबोल माणूस बातम्या गोळा करायला लागला. सकाळी दूधवाल्याला थांबवायचे, भाजीवालीला खोदून खोदून विचारायचे, नळावरच्या बायकांच्या मागं जाऊन उभे राहायचे. बायका बिचकायच्या. बाररूममध्ये मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचे, "तुमच्या मंडळींना विचारा, शिंद्यांच्या घरात काय चालू हाए. बराबर विचारून या." मी आधी हसलो. नंतर आमच्या हिला रोज विचारायला लागलो.

एका संध्याकाळी मी गेलो, तेव्हा वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. आटोळे स्टुलावर बसून सांगत होते, "तर शिंद्यांची थोरली सून रुसून माहेरी गेली. कशावरून, तर सासूनं तिचा लग्नातला मिक्सर नणंदेला देऊन टाकला. दोन दिवस झाले, थोरली फोनबी उचलून न्हाई राह्यली..."

वहिनींचा डावा हात हलला. ओठ वेडेवाकडे झाले. घशातून काहीतरी घरघरलं. आटोळे बोलायचे थांबले.

"धा..." वहिनी म्हणाल्या. पुन्हा जोर लावला. "धाक... टी."



"न्हाई, थोरली," आटोळे म्हणाले.  "भाजीवाली थोरलीच म्हणली."

वहिनींनी रागानं गादीवर हात आपटला. "धाकटी!"

"बरं, धाकटी," आटोळे म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "देशपांडे, तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं."

"काय म्हणली?"

"धाकटी म्हणाल्या."

"हां," ते म्हणाले. वहिनींची सरकलेली उशी त्यांनी सारखी केली, चादर नीट केली, उगीचच पाण्याचा तांब्या इकडचा तिकडं ठेवला. आणि मग, मघाशी काही विचारलंच नसल्यासारखं, मला पुन्हा विचारलं, "काय म्हणली हो?"