राजा वज्रकेताच्या नावाचं पिठलं

धूम्रगडचा राजा वज्रकेत गेला त्या रविवारी आमच्या घरी पिठलं-भात आला. आणला नलूताई सामंतांनी. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात झाकण ठेवलेलं पातेलं, चेहरा स्मशानातून आल्यासारखा. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वैशालीला म्हणावं, आज चूल पेटवू नकोस."

दार उघडलं होतं माझ्या सासूबाईंनी. ज्या घरी कोणी जातं त्या घरी शेजारपाजारचे पिठलं-भात देतात, हे काय त्यांना सांगायला हवं? बाई पक्क्या कुडाळच्या. त्यांनी आधी पातेल्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. मी नेमकी पलंगावर बसून नाक पुसत होते, डोळे लालबुंद. झालं. त्यांनी दाराची चौकटच धरली. "कोण गेला गो? माका कोणी सांगूक नाय?"

"राजा," नलूताई म्हणाल्या. "राजा वज्रकेत."

आमच्या सासूबाईंच्या माहेरी एक राजा आहे. राजाराम. मामेभाऊ. मी "आई, अहो, ते पुस्तकातलं" म्हणेपर्यंत त्यांचा फोन लागलासुद्धा. नवरा मासळीबाजारात होता. "महेश, बांगडे घेव नको, घराक सुतक आसा." महेश तसा आज्ञाधारक. घेतलेले बांगडे त्याने वाटेत भेटलेल्या, खोताच्या वाडीतल्या पिंटो अंकलना देऊन टाकले आणि टॅक्सी करून घरी आला. येऊन बघतो तर आई भिंतीला टेकून बसलेली, बायको हसू दाबतेय, आणि शेजारीण गंभीरपणे पिठलं वाढतेय. त्या दिवशी माझा नवरा जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. बांगडे ताजे होते, एवढं मात्र पिंटो अंकलनी नंतर आवर्जून कळवलं.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत चक्रम माणसांची कमतरता नाही, पण नलूताईंसारखं दुसरं नाही. 'धूम्रगडाचे सात दरवाजे' म्हणून जाडजूड सात भागांची कादंबरी आहे. राजे, राक्षस, शाप, तीन डोळ्यांचे लांडगे, सगळा माल. बाकीच्या बायका या वयात भजनाला जातात. या बाई अख्ख्या वाडीला धूम्रगडला नेतात. आणि सातव्या भागात, अगदी शेवटाला आलेलं असताना, तो भला राजा मरतो. तुम्ही तिथवर पोचलात असं कळलं की नलूताई पिठलं-भात घेऊन हजर. त्या पिठल्यात लसूण नाही. "दुःखाचं आहे, हौसेचं नाही," असा त्यांचा नियम.

नलूताई फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. जन्मभर कानाला हेडफोन आणि तोंडात एकच वाक्य, "लाईनवर राहा." रिटायर झाल्या, वाक्य काही रिटायर झालं नाही. भाजीवाल्याने भाव सांगितला की, लाईनवर राहा. गोष्ट ऐन रंगात आली, राक्षस पाठीशी उभा आहे, राजकन्येला पत्ता नाही, आणि यांच्या गॅसवरच्या कुकरची शिट्टी झाली की, लाईनवर राहा. मग आत जाऊन आमटीला फोडणी देऊन, हात पुसत पुसत बाहेर येणार. तोवर आम्ही गॅलरीत टांगलेले.

वाचायचं तर त्यांच्या पद्धतीने. एक भाग संपला की लगेच पुढचा मिळत नाही. मध्ये जोडकथा वाचायच्या. या कादंबरीच्या लेखकाने मुख्य गोष्टीत न बसलेल्या माणसांच्या कथा तीन वेगळ्या पुस्तकांत लिहिल्या आहेत, त्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "नलूताई, राजकन्या तिकडे विहिरीत पडलीय आणि मी काय आचाऱ्याची गोष्ट वाचत बसू?"

"बस," त्या म्हणाल्या. "मुख्य गोष्ट म्हणजे लग्नाचा हॉल. सगळे नटूनथटून, फोटोला उभे. जोडकथा म्हणजे हॉलची मागची बाजू. कोण रुसलंय, कोणाला जेवायला मिळालं नाही, ते तिथे कळतं. राजकन्या राहील विहिरीत. लाईनवर आहे ती."

राहिली बिचारी. आणि खोटं कशाला बोलू, त्या आचाऱ्यासाठी मी राजकन्येपेक्षा जास्त रडले.

पिठलं जेवून झालं की 'पुढे काय वाचायचं' याचा आदेश निघतो. तो माणूस बघून निघतो. महेशला त्यांनी किल्ल्यांच्या बांधकामावरचं पुस्तक दिलं, कारण तो प्रत्येक लढाईत "पण तोफ वर चढवली कशी?" विचारायचा. मला समुद्रप्रवासाचं दिलं. पिंटो अंकल मराठी अक्षर अक्षर लावून वाचतात, त्यांना वर्ष लागलं राजाच्या मरणापर्यंत पोचायला. नलूताई पिठलं घेऊन गेल्या तर हे गृहस्थ काळा सूट घालून दारात उभे. राजासाठी मेणबत्ती लावलेली. दोघांनी समोरासमोर बसून गंभीरपणे पिठलं-भात खाल्ला. त्यांना मिळालं स्वयंपाकाचं पुस्तक, कारण पूर्ण कादंबरीत त्यांना सगळ्यात जास्त आवडल्या होत्या त्या मेजवान्या.

आणि आमच्या सासूबाई? त्या रविवारी फणफणत होत्या. जित्या घरात पिठलं म्हणजे काय, अपशकुन नाही का. पण हा मेलेला राजा होता तरी कोण, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. डोळ्यांचं ऑपरेशन नीट साधलं नाही त्यांचं, अक्षर दिसत नाही. चार दिवस धुसफुसून त्या गेल्या नलूताईंकडे. "वाचून दाखव गो, बघूया काय ता." तेव्हापासून दुपारचा चहा झाला की गॅलरीत दोन खुर्च्या. नलूताई वाचतात, सासूबाई लसूण सोलत ऐकतात आणि मध्येच राक्षसाला मालवणीत शिव्या घालतात. त्यांची टीव्हीवरची मालिका सुटली. यासाठी मी नलूताईंची जन्माची ऋणी आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. राजा मरतो त्यानंतर शेवटचं एक प्रकरण आहे. सातवा दरवाजा उघडतो ते. नलूताई या सात भागांवर तासन् तास बोलतील, पण त्या प्रकरणाचा विषय काढला की "लाईनवर राहा" म्हणून आत. त्या रविवारीही मी डबा परत देताना म्हटलं, "पण शेवट काय सुंदर केलाय ना?" त्यांनी डबा माझ्या हातातून ओढून घेतला आणि दार लावलं. मला वाटलं, डबा नीट घासला नव्हता.

सासूबाईंचं वाचन राजाच्या मरणापर्यंत आलं. रीतसर पिठलं-भात झाला, या खेपेला त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून म्हणाल्या, "हां, आता दरवाजो उघड." नलूताई म्हणाल्या, "त्याआधी एक जोडकथा राहिलीय, मावशी. आंधळ्या लोहाराच्या बायकोची." ती गोष्ट चालली आठवडाभर. मग किल्ल्यावर पाणी भरणाऱ्या गोदीची. मग त्या तीन डोळ्यांच्या लांडग्याला लहानपणी कोणी दूध पाजलं त्याची. एकाहून एक. मी ऑफिसातून लवकर सुटले की जिन्यातच थांबून ऐकायचे. लोहाराची बायको तर अशी होती की उद्या ठाकूरद्वारच्या नाक्यावर दिसली तर मी तिला ओळखीन. आंधळ्या नवऱ्याला ती पेटलेल्या लोखंडाचा रंग शब्दांत सांगायची. आता जास्वंदीसारखं झालं, आता केशरी, आता मार घण.

हे पिंटो अंकलच्या कानावर गेलं तेव्हा ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "वैशाली, मी तिन्ही बुकं वाचली. एक एक अक्षर वाचला. ही लोहाराची बायको कुठंच नाय."

आचाऱ्याची सोडली तर बाकीच्या जोडकथा मी राजकन्येच्या घाईत नुसत्या चाळल्या होत्या, म्हणून वाचनालयातून तिन्ही पुस्तकं आणून नीट बघितली. खरंच नव्हती. गोदी नाही, लांडग्याचं दूध नाही. दुपारी नलूताईंच्या मांडीवर उघडं असायचं ते पुस्तक नुसतंच उघडं असायचं. बाई वाचत नव्हत्याच. त्या रचत होत्या.

मला राहवलं नाही, सरळ जाऊन विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "कळलं का? पिंटोने सांगितलं असणार. त्याला मेल्याला सावकाश वाचायची खोड."

मग सांगितलं, आम्ही या वाडीत राहायला येण्याआधीचं. पुस्तकं त्यांची नव्हतीच, भावाची होती. अरुणदादा. दोघंही बिनलग्नाचे, त्या खोलीत दोघंच. तो संध्याकाळी पंख्याखाली लोळून धूम्रगड वाचायचा आणि या त्याला हसायच्या. पन्नाशी उलटली तरी राक्षस वाचतोस म्हणून. तो म्हणायचा, नलू, एकदा ऐक तरी. यांनी कधी ऐकलं नाही. लॉकडाऊनमध्ये तो गेला. हॉस्पिटलातून परस्पर नेला. वाडीत सगळ्यांची दारं बंद.

"कोणाची चूक नव्हती गं," त्या म्हणाल्या. "यायचंच नव्हतं कोणी. मी आपलं माझंच पिठलं केलं, भात टाकला आणि खाल्ला. समोर त्याचा पाचवा भाग पडला होता, मध्ये कॅलेंडरचं फाडलेलं पान. तिथून मोठ्याने वाचायला लागले. त्याला पुढचं कळायला हवं ना. सहावा संपवला. सातवा तर तो गेल्यावर छापून आला. त्यातलंही वाचून दाखवलं, राजापर्यंत. आता ते एक प्रकरण उरलंय. ते वाचलं की अरुणला सांगायचं काही उरत नाही. मग मी त्या खोलीत बोलायचं कोणाशी?"

पंचाईत अशी की मला शेवट माहीत होता. त्या दरवाज्यामागे काय आहे ते मी वाचलं होतं, आणि ते लिहिणाऱ्याने जणू नलूताईंसाठीच लिहिलं होतं. पण ते मी सांगून कसं चालेल? मी घरी आले आणि सासूबाईंना मात्र शेवट सोडून सगळं सांगितलं. पोटात राहिलं नाही माझ्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दुपारचा चहा झाला. नलूताई पुस्तक उघडून म्हणाल्या, "मावशी, आज गोदीच्या सासूची गोष्ट." सासूबाईंनी लसूण बाजूला ठेवला.

"तुझ्यो गोष्टी बऱ्यो आसत," त्या म्हणाल्या. "पुस्तकवाल्यापेक्षा बऱ्यो. पण माका आता शेवट ऐकाचो आसा. माझा वय काय, डोळे हे असे. मी दारात उभी रवान रवान मेलंय तर तू माका पिठला देतलंय, पण दरवाजो कोण उघडतलो? वाच. अरुणाक सांगताना माका पण ऐकव. मी आसंय ना हय."

नलूताईंनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. आवाज टेलिफोनवरचा, एक अक्षर हललं नाही. सातवा दरवाजा उघडतो. पलीकडे खजिना नाही, राक्षस नाही. एक साधं घर आहे, चूल पेटलेली आहे, आणि राजा वज्रकेत पाटावर बसून वाट बघतोय की बाकीचे जेवायला कधी येणार.

तिथे आवाज हलला. मग पुस्तक मिटलं. खालून कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न ऐकू येत होता. आमच्या सासूबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि मला म्हणाल्या, "बेसन आसा काय गो घरात?"

अपशकुन म्हणणाऱ्या त्या बाईने त्या संध्याकाळी स्वतः पिठलं घोटलं. मला हात लावू दिला नाही. महेशला पाठवून पिंटो अंकलना बोलावलं. ते सूट घालून आले. आम्ही सगळे त्या खोलीत गेलो, अरुणदादाच्या पंख्याखाली बसलो आणि नलूताईंना पहिलं वाढलं. इतक्या जणांच्या दुःखात डबा घेऊन धावलेल्या या बाईच्या दारात पिठलं आलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा. गिरगावात काय काय मोठं आहे ते लोक सांगत असतात. मला विचाराल तर मी नलूताईंच्या शेजारी राहते, हे मी छाती पुढे काढून सांगते.

त्यांनी पहिला घास घेतला, चावला आणि थांबल्या. "मावशी, लसूण घातलात."

"घातलंय," सासूबाई म्हणाल्या. "दुःखाचा कित्या? तो जेवूक बसलो मां थंय, पेटल्या चुलीकडे. आता हौसेचा खावचा."

नलूताई मान खाली घालून जेवत राहिल्या. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. पिंटो अंकलनी टायवर सांडलेलं पिठलं हळूच पुसलं. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "मगे त्या गोदीच्या सासूचा काय झाला? ता सांगलंयच नाय."

नलूताईंनी अरुणदादाच्या रिकाम्या पलंगाकडे एकदा बघितलं, मग आमच्याकडे.

"लाईनवर राहा," त्या म्हणाल्या. "एवढा घास खाऊन सांगते."