सीपीयू घेऊन खंडाळ्याला

"आण्णा, आता बघा कसं सुसाट पळतंय!" असं म्हणत मोबाइल दुरुस्तीवाल्या बिरदेवानं लालासाहेबांच्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकलं. कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. इंटरनेट तेवढं मागं राहिलं.

लालासाहेबांचा जीव घाबरा झाला. सून बाळंत झाल्यापासून त्यांची बायको साळूबाई खंडाळ्याला ऋषिराजकडं, म्हणजे त्यांच्या मुलाकडं राहायला गेली होती. रोज संध्याकाळी ती पडद्यावर येऊन नातवाला पुढं धरायची. नातवाचं कौतुक होतंच. पण त्याच्या टाळूमागं साळूबाईचा अर्धा चेहरा दिसायचा, त्यासाठी लालासाहेब आष्ट्याच्या रिकाम्या घरात दाढी करून बसायचे.

"कोपऱ्यात ही लाल फुली कसली रं?"

"नेटचा ड्रायव्हर न्हाई."

"कुटं गेला?"

"माणूस न्हवं आण्णा, फाईल अस्ती. इंटरनेटवरनं उतरवायची."

"मग उतरव की."

"इंटरनेट कुटं हाय?"

फौजेत अर्धं आयुष्य काढलेल्या लालासाहेबांना असा पेच सरहद्दीवरही पडला नव्हता. बिरदेवानं दुकानातून पेनड्राइव्हवर एक ड्रायव्हर आणला. तो भलत्याच मशिनचा निघाला आणि कॉम्प्युटरचा आवाज गेला. दुसरा आणला, तर पडद्यावरचं चित्र आडवं झालं. त्यानंतर बिरदेव फोन उचलेना.

लालासाहेबांकडं बटणांचा साधा फोन होता. त्यावर साळूबाईचा नुसता आवाज यायचा. "दिसंना झालाय. जेवताय न्हवं?" ती विचारायची. "जेवतोय की," म्हणत ते दुधात शिळी भाकरी कुस्करायचे.

तसं एसटी धरून थेट जाता आलं असतं. पण ती निघताना त्यांनी मिशीवर ताव देऊन सुनावलं होतं, "तू जा. मला काय बी हुत न्हाई." आता कोणत्या तोंडानं जायचं? मात्र ऋषिराज कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघायचा. सबब सापडली. लालासाहेबांनी सीपीयू चादरीत बांधला आणि कुणाला न सांगता एसटी गाठली.

"गाठोड्यात काय?" कंडक्टरनं विचारलं.

"कॉम्प्युटर. आजारी हाय."

"मग मांडीवर घ्या बिचाऱ्याला."

कराड मागं पडलं आणि फोन वाजला. साळूबाई होती. "आवं, कुटं हायसा?"

"घरात." तेवढ्यात ड्रायव्हरनं भोंगा दाबला.

"ह्यो हॉर्न कसला?"

"दारातनं उसाचा ट्रॅक्टर चाललाय." तिकडूनही तसाच भोंगा ऐकू आला. "आन तुझ्याकडं?"

"हितं बी गाडी गेली. बाळ उठंल, ठेवते."

खंडाळ्यात ऋषिराजनं दार उघडलं आणि तो बघतच राहिला. "आबा, तुमी? मग आई कुनाकडं गेली?"

"कुनाकडं म्हंजे?"

"सकाळीच आष्ट्याला गेली. म्हणाली, मानूस दिसंना, जिवाला घोर लागलाय. सांगू नका, अचानक जाते."

लालासाहेब गाठोड्यासकट मटकन खाली बसले.

ऋषिराजनं सीपीयू आपल्या पडद्याला जोडून बरोबर ड्रायव्हर टाकला. चहा गार व्हायच्या आत फुली गेली. त्यानं आष्ट्याच्या घराशेजारच्या फरीदाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर साळूबाई उगवली. आज मध्ये नातू नव्हता, चेहरा अख्खा दिसत होता. कुलूप लावलेल्या दाराशी, पायरीवर पिशवी घेऊन ती बसली होती.

"आवं, ह्ये काय करून ठेवलंसा?"

"आन तू?"

मग साळूबाई हळूच म्हणाली, "वाळलासा."

"तू बी." लालासाहेब म्हणाले. "फरीदाकडं जेवून घे. मी निघालोच."

"नगं. तुमी बाळापाशी थांबा. म्याच येते माघारी."

"साळू, जाग्यावरनं हालायचं न्हाई!"

"बरं, न्हाई हालत."

लालासाहेब लगबगीनं चपला घालू लागले. एवढ्यात पडद्यावर नुसती पायरी उरली आणि फरीदाचा आवाज आला, "आण्णा, काकी तर पिशवी घेऊन स्टँडकडं सुटल्या! थांबवू का?"

लालासाहेबांनी हातातली चप्पल खाली ठेवली.

"थांबायची न्हाई ती," ते म्हणाले. "पळत जा पोरी आन खिडकीजवळ बस म्हणावं. तिला गाडी लागती."