पडलेल्यांची भिंत

आमच्या रंगनाथतात्यांना साल विचारू नये. "म्हैस कवा घेतली?" म्हटलं, की "शिट्टीवाला पडला, त्या लोकसभेला," असं उत्तर मिळतं.

वाटूर फाट्यावरच्या त्यांच्या घराची रस्त्याकडची भिंत म्हणजे आमच्या मतदारसंघाचा सगळा इतिहास. निवडणुकीत जो रंगवायला येईल त्याला तात्या भिंत देतात, वर चहा पाजतात. पोपडे निघाले की कढईखालून कपबशी आणि कपबशीखालून शिट्टी डोकावते. काठीने एकेक चिन्ह दाखवत तात्या एसटीची वाट पाहणाऱ्यांचा तास घेतात. त्या तासात निवडून आलेल्यांना जागाच नाही. "आलेला दिल्लीला गेला, त्याचं काय सांगायचं? पडलेला हितंच राह्यला. बिलकुल आपला माणूस!" एका अपक्षाचं डिपॉझिट गेलं, तेव्हा तात्या त्याच्या घरी शिऱ्याचा डबा घेऊन गेले होते.

मी त्यांचा शेजारी आणि निवृत्त मास्तर, म्हणजे दुप्पट उपद्रवी. एकच गोष्ट मला कळत नसे. खिडकीखालची परातीएवढी जागा तात्या कोणालाच रंगवू देत नसत. तिथे गेरूचे पुसट फराटे होते.

या लोकसभेला तात्या डोळे दाखवायला जालन्याला गेले आणि नेमका रंगारी आला. "ही जागा सोडू का?" त्याने विचारलं. मी मास्तरी थाटात म्हणालो, "भिंत अर्धवट बरी दिसत नाही. मार चुना."

तात्या परतले आणि ओल्या चुन्यासमोर उभे राहिले. शिव्या खायची माझी तयारी होती. ते हळूच म्हणाले, "गुरुजी, तिथं मथुराचं नाव होतं."

मथुराकाकू, त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. "मतदानाला अंगठा देणार न्हाई म्हणली. पंधरा दिवस हितं बसून नाव गिरवलं. मंग बूथवर सही केली अन् मलाच म्हणती, तुमच्यापेक्षा बराबर आली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओलं फडकं घेऊन धावलो. तात्यांनी हात धरला. "पुसू नका, खालचं बी जाईल. राहू द्या."

दुसऱ्या दिवशी वाळलेल्या चुन्यावर मी गेरूने, माझ्या वळणदार अक्षरात, 'मथुरा' लिहिलं. तात्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"लई सरळ झालं, गुरुजी. तिचं खाली घसरायचं."

त्यांनी माझ्या हातातला गेरू घेतला, उकिडवे बसले आणि तिचं नाव घसरत घसरत लिहिलं. मग फडकं मागितलं आणि माझं तेवढं पुसून टाकलं.